केर्शेप्लोत्सर, बियांसकट

मला कुठलाही पदार्थ एकदा नीट वाचू द्या. दुसऱ्या दिवशी तो माझ्या हातचा झालेला असतो! उगाच नाही सांगत. हायडेलबर्गमधल्या आमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने दारातूनच मीठ फेकायचं, एवढीच जागा आहे. पण त्या जागेत मी चीक न मिळता खरवस केलाय. केळीचं पान न मिळता पानगी केली आहे, कोबीच्या पानावर! मग एक जर्मन गोड पदार्थ म्हणजे काय हो मोठंसं? अंडी, दूध, साखर, पाव. सगळी ओळखीतलीच मंडळी!

आणि तो मला यायलाच हवा होता. कारण प्रश्न अन्वीचा होता.

अन्वी आमची लेक. वय सव्वा वर्ष, दात मोजके, मतं भरपूर. सप्टेंबरपासून मला ऑफिसात परत रुजू व्हायचं होतं. तिला सांभाळायला पुण्याहून आलेल्या सासूबाईंचा व्हिसा त्याच्या आधीच संपत होता. आणि किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, आमचा नंबर इतका मागे होता की जागा मिळेपर्यंत अन्वी स्वतःच चालत जाऊन "माझ्या अर्जाचं काय झालं?" विचारून आली असती!

उरली एकच आशा. फ्राऊ रोटरमेल.

फ्राऊ रोटरमेल टागेसमुटर आहेत, म्हणजे आपल्या घरीच चार-पाच लहान मुलं सांभाळतात. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. साठीच्या, उंच, कानापर्यंत कापलेले पांढरे केस आणि आवाज असा की एकदा "नाईन", म्हणजे "नाही", म्हणाल्या की मुलंच काय, ट्रामसुद्धा थांबावी. आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा अन्वी एका मुलाच्या हातातलं लाकडी गाढव ओढता ओढता आपटली आणि तिने भोकाड पसरलं. मी उठेपर्यंत त्यांनी तिला कडेवर घेतलं होतं. रडणं अर्धं राहिलं होतं आणि आमच्या बाईसाहेब त्यांच्या चष्म्याची दांडी चघळत होत्या.

त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट सांगता यायचं नाही. एवढंच कळलं की ऑफिसात बसून मला हिची आठवण येईल, तेव्हा ही या कडेवर असलेली चालेल. दुसऱ्या नाही.

जागा मात्र एकच, आणि मागणारी कुटुंबं दोन. दुसऱ्या मुलाची आई म्हणे लहान मुलांची डॉक्टर!

"आल्झो, तर मग," निघताना फ्राऊ रोटरमेल म्हणाल्या, "मूल मी त्याच्या घरीही एकदा बघते. कसं खातं, माणसं कशी आहेत. रविवारी दुपारी डोकावून जाईन."

"डोकावून कशाला? जेवायलाच या!" हे मीच बोलले. "गोड काय करू? तुम्हाला काय आवडतं?"

"गोड?" एवढ्या करारी बाईचे डोळे एकदम शाळकरी झाले. "चेरीचे दिवस आहेत. माझी आजी केर्शेप्लोत्सर करायची..."

मग जिन्यात उभ्या उभ्या त्यांनी मला सगळं सांगितलं. केर्शे म्हणजे चेरी. शिळे पाव दुधात भिजवायचे. लोणी, साखर आणि अंड्याचं पिवळं फेसायचं, पांढरं वेगळं फेसून ढगासारखं वर सोडायचं. दालचिनी, बदामाची पूड, आणि मुठी भरभरून चेरी. ओव्हनमधून निघालं की गरम असतानाच वर व्हॅनिलाचं पातळ कस्टर्ड. स्पंजासारखा हलका व्हायला हवा, आणि वरून करकरीत. त्यांच्या लहानपणी शुक्रवारी आधी बटाट्याचं सूप आणि मग हाच, जेवण म्हणून! आठवड्याचा उरलेला पाव आणि दारातलं झाड, एवढ्या भांडवलावर आजीने सहा पोरं वाढवली होती.

"पण चेरी बियांसकट हं!" त्यांनी बोट वर केलं. "बी काढली की तो प्लोत्सरच नाही. चव बीमुळेच येते. आणि बिया ताटलीच्या काठावर ओळीने लावायच्या, कुणाच्या जास्त ते बघायचं!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले. जणू माझं माहेर याच गल्लीतलं.

रस्त्यावर आल्यावर अनिमेषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं, "केर्शे... काय ते?"

"माझ्यावर सोड तू."

"तुझ्यावर सोडलं की शेवटी भांडी माझ्यावर येतात."

मी लक्ष दिलं नाही. महत्त्वाच्या कामात असल्या माणसांकडे लक्ष द्यायचं नसतं.

पाव मी चार दिवस आधीच आणून खिडकीत वाळत ठेवले. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, दोनदा तिथून गेल्या. तिसऱ्यांदा थांबल्या.

"मैथिली, हे काय गं?"

"रविवारच्या पाहुण्यांसाठी, आई. शिळे व्हायला ठेवलेत."

आईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. पाव तिथेच होते.

"पाहुणीला शिळं?"

"पद्धतच आहे तशी. तुम्ही नाही का शिळ्या पोळीचा लाडू करत?"

"तो घरच्यांना! बाहेरच्या माणसाला मी कधी शिळ्या पोळीचा लाडू घातलाय? आणि म्हणे त्यात अंडं?"

"हो."

"आणि चेरी बियांसकट?"

"हो आई. त्यांनीच सांगितलंय."

"म्हणजे शिळं, अंड्याचं, आणि वर दात पडेल असं," आईंनी बोटांवर हिशोब केला. "या बाईशी आपलं जुनं काही वैर आहे का?"

मी समजावलं. बियांचं महत्त्व सांगितलं. आजीची सहा पोरं सांगितली. आई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बरं बाई. तुमचा देश, तुमची पद्धत." आणि गप्प झाल्या.

आई गप्प झाल्या म्हणजे त्यांना पटलं, असं मला वाटलं. लग्नाला पाच वर्षं होऊनही!

रविवार उजाडला. "अंड्याला मी हात लावणार नाही," आईंनी सकाळीच जाहीर केलं, "पण चेरी मी धुऊन देते. तू अन्वीला न्हाऊ घाल, सावकाश घाल." मला भरून आलं. सून एवढी धडपडतेय म्हटल्यावर सासू मदतीला धावतेच की! मी अन्वीला सावकाश न्हाऊ घातलं. बाथरूममध्ये तासभर बदकं पोहली. बाहेर येऊन बघते तर ओट्यावर चेरीचं भांडं, चेरी अशा तकतकीत की रत्नंच! आईंची बोटं तेवढी लाल दिसली. मला वाटलं, देवपूजा करताना कुंकू सांडलं असेल.

नंतर आईंनी अन्वीला आवरलं आणि मी ढग फेसले. खरोखर ढगच! आईंनी लांबूनच, नाक दुसरीकडे वळवून, चेरी त्यात ओतल्या. मी हलक्या हाताने मिसळल्या, अनिमेषने ओव्हनचं दार उघडलं, आणि माझा केर्शेप्लोत्सर आत गेला. थोड्या वेळाने घरभर जो दालचिनीचा वास सुटला, त्या वासावर मी डॉक्टरीणबाईंच्या मुलाला मनातल्या मनात निरोपसुद्धा देऊन टाकला!

"नुसतं सूप आणि गोड?" आई म्हणाल्या. "पाहुणी आजारी आहे का?" आणि वरण-भात, पुऱ्या, कोशिंबीर असा लवाजमा उभा राहिला. सूपलाही कुणीतरी हिंगाची फोडणी दिली. कुणी ते मी विचारलं नाही.

ठरल्या वेळी बेल वाजली. फ्राऊ रोटरमेल आल्या. अन्वी उंच खुर्चीत बसली होती. झालरीचा फ्रॉक, छातीवर घडी घातलेला रुमाल, गालावर तीट. बालवाडीच्या मुलाखतीला निघाल्यासारखी! आईंनी एवढं नटवलं होतं की माझीच दृष्ट लागावी. खायच्या बाबतीत मात्र बाईसाहेबांनी असहकार पुकारला होता. वरण-भाताचा घास आला की तोंड फिरवायचं, पुरी आली की जमिनीवर टाकायची. फ्राऊ रोटरमेल नुसत्या बघत होत्या. त्या बघण्याने मला एसी नसलेल्या घरात थंडी वाजायला लागली.

पण माझा हुकमी पत्ता अजून आत होता! मी तो वाजतगाजत आणला. वरून तांबूस, करकरीत, कडेने चेरीचा रस उकळून आलेला. कस्टर्ड ओतलं. पहिला घास फ्राऊ रोटरमेलच्या तोंडात गेला.

त्यांनी डोळे मिटले.

"ओमा," त्या पुटपुटल्या. म्हणजे आजी.

मी टेबलाखालून अनिमेषला लाथ मारली. विजयाची!

दुसरा घास गेला. त्यांची जीभ गालात काहीतरी शोधायला लागली. या गालात. मग त्या गालात. भुवई वर गेली.

"बी नाही?"

"आहे ना!" मी हसले. "बियांसकटच आहे!" आणि माझ्या ताटलीतली एक चेरी चमच्याने कापली. आत पोकळी. दुसरी कापली. पोकळी! मी हळूच आईंकडे वळले. पाहुणीला मराठी कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. म्हणून चेहरा हसरा ठेवून विचारलं,

"आई, चेरीतल्या बिया कुठे गेल्या?"

"काढल्या," आईही तितक्याच गोड हसत म्हणाल्या. "पाहुणीचा दात पडला असता तर पोरीची जागा गेली असती! एकेक चेरी देठाकडून कोरलीय. बाहेरून कुणाला कळलं का? तुलाही नाही कळलं! ही बघ, बांगडीतल्या या पिनेनं..."

आणि त्यांनी मोठ्या दिमाखात हात वर केला.

आईंच्या पिढीतल्या बाईच्या बांगडीत सेफ्टी पिन नाही, असं कधी पाहिलंय तुम्ही? ती पिन असतेच. साडीला, काट्याला, तुटलेल्या चपलेला, सगळ्या संकटांना ती पुरते. आईंच्या हातात पाटली होती. हिरव्या बांगड्या होत्या.

पिन नव्हती.

आईंनी हात उलटा केला. सुलटा केला. हलवला. बांगड्या किणकिणल्या. फ्राऊ रोटरमेलना ते आवडलं, त्यांनी मान डोलावली.

"मैथिली," आई म्हणाल्या. हसू जिथल्या तिथे होतं, आवाज मात्र खाली गेला होता. "पिन नाहीये गं."

"म्हणजे?"

"चेरीच्या भांड्यातच ठेवली होती वाटतं."

"आणि ते भांडं?"

"त्यात ओतलं ना मी!"

आम्ही तिघांनी एकदम केर्शेप्लोत्सरकडे पाहिलं. तिकडे फ्राऊ रोटरमेलचा तिसरा घास चमच्यात होता, आणि अन्वीचा इवलासा हात तिच्या वाटीकडे निघाला होता.

"हाल्ट!!"

हा माझा आवाज होता. फ्राऊ रोटरमेलचा चमचा हवेतच थांबला. अन्वीचा हात थांबला. शेजारच्या घरातलं व्हायोलिनसुद्धा थांबलं!

मी झडप घालून दोन्ही वाट्या पुढ्यात ओढल्या.

"खरं सांगून टाक," अनिमेष दातांतल्या दातांत म्हणाला.

"काय सांगू? तुमच्या आजीच्या पदार्थात आम्ही बहुतेक सेफ्टी पिन भाजलीय, पण आमच्या घरात मूल अगदी सुरक्षित वाढतं?"

फ्राऊ रोटरमेल माझ्याकडे बघत होत्या. मला काहीतरी बोलणं भाग होतं. आणि माझं तोंड, त्याला कधी गप्प बसायचं कळलंय?

"आमच्याकडे," मी म्हणाले, "एक प्रथा आहे."

"प्रथा?"

"हो. पहिले दोन घास झाले, की गोडाचा पदार्थ सगळ्यांनी मिळून हाताने कुस्करायचा. बारीक. अगदी बारीक!"

"का?"

जर्मन माणूस 'का' विचारतोच. हे मला माहीत असायला हवं होतं.

"म्हणजे... नवीन नातं जुळतं तेव्हा," मी म्हणाले. "सगळ्यांचे हात एकाच ताटात. मिसळून जायचं."

अनिमेषला ठसका लागला. पण फ्राऊ रोटरमेलचा चेहरा उजळला. "वुंडरबार!" म्हणत त्यांनी घड्याळ काढलं, बाह्या सरसावल्या.

"सावकाश हं!" मी किंचाळले. "प्रथेत सावकाश करायचं असतं! आधी घरच्यांनी!" आणि आईंकडे वळून, हसतमुखाने, "आई, कुस्करा! पोळीच्या लाडवाला कुस्करता तसं. बोटाला टोचतंय का बघा!"

"अगं, अंडं आहे त्यात!"

"आई!"

आईंनी अन्वीकडे पाहिलं. डोळे मिटले. ओठ हलले. आणि ज्या बाईने अंड्याचं कवचसुद्धा कधी उचललं नव्हतं, तिने दोन्ही हात मनगटापर्यंत त्या गरम प्लोत्सरमध्ये घातले.

मला त्या वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण माझेही हात भरलेले होते.

आम्ही कुस्करत होतो. स्पंजाचे ढग गेले, करकरीत कवच गेलं, चेरी चिरडल्या. पिन लागेना. "चाळणी आणू?" अनिमेष कुजबुजला. "आण!" तो पिठाची चाळणी घेऊन आला.

"चाळणीही प्रथेत आहे?" फ्राऊ रोटरमेलनी आदराने विचारलं.

"शुभ असते," अनिमेष म्हणाला. आता तोही सामील झाला होता!

ओलसर चुरा चाळणीतून जाईना, म्हणून आईंनी तो बोटांनी दाबला. फ्राऊ रोटरमेल बाजूने दाबत होत्या. दोन आज्या एका चाळणीवर वाकलेल्या. एक मराठीत "हळू हो, हळू" म्हणतेय, दुसरी जर्मनमध्ये "या, या", म्हणजे "हो, हो" म्हणतेय, आणि दोघींची कोपरं कस्टर्डमध्ये!

अन्वी हे सगळं बघत होती. जन्मापासून तिला ज्या गोष्टीसाठी रागावलं जात होतं, ती सगळी मोठी माणसं करत होती! तिच्या तोंडावर जे हसू आलं, ते मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे. दोन्ही हात पुढे करून ती ओरडली, "मी! मी!" मी चाळून झालेला चुरा, प्रत्येक कण चिमटीत तपासून, तिच्या वाटीत टाकला. आणि जेवणभर उपोषणाला बसलेली आमची लेक दोन्ही मुठींनी खायला लागली. गालाला, कानाला, केसांना लावत. "आउख!" असा मलाही हवं म्हणणारा पुकारा जर्मनमध्ये, आणि मग "आजी, दे!" मराठीत.

सगळं चाळून झालं. पिन नव्हती.

मला हायसं वाटलं. पुढच्याच क्षणी घाम फुटला. ताटात नाही, ताटलीत नाही, वाटीत नाही. मग फ्राऊ रोटरमेलनी ते दोन घास खाल्ले होते त्यात...?

"तुम्हाला," मी विचारलं, "घशात काही टोचतंय का?"

"नाही तर. छान लागतंय."

"पोटात?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. संपलं. आता सांगायलाच हवं होतं. जागा गेली तर गेली, पण या बाईंना दवाखान्यात न्यायला हवं! डोळ्यांसमोर डॉक्टरीणबाई एक्स-रे बघत उभ्या राहिल्या. मी खोल श्वास घेतला.

"फ्राऊ रोटरमेल, मला तुम्हाला एक सांगायचंय. ती प्रथा..."

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. त्यांनी हात पुसले, अन्वीला खुर्चीतून उचलून कडेवर घेतलं. ती कस्टर्डसकट त्यांच्या मानेला बिलगली. "आधी मला एक सांगू द्या. आल्यापासून बघतेय, पण पहिल्याच भेटीत कसं बोलायचं म्हणून गप्प बसले. माझी आजीसुद्धा आम्हाला असाच रुमाल लावून शाळेत पाठवायची. पण आता नाही चालत." आणि फ्रॉकची झालर वर करून त्यांनी अन्वीच्या छातीवरचा रुमाल काढला. "माझ्याकडे मुलांच्या कपड्यांना पिन लावायची नाही. बाकी सगळं चालेल."

त्यांच्या तळहातावर सेफ्टी पिन होती. टोकाला चेरीचा लाल डाग.

"अगोबाई!" आई म्हणाल्या. "रुमालाला लावली होती, नाही का मी!"

अनिमेष खुर्चीत बसला. खरं म्हणजे पडला.

मला मात्र एकच शब्द ऐकू आला होता. "माझ्याकडे?" मी विचारलं. "माझ्याकडे म्हणजे...?"

"सप्टेंबरपासून," फ्राऊ रोटरमेल म्हणाल्या, जसं काही हे कधीच ठरलं होतं. "मूल खाताना बघायचं होतं. बघितलं. हं, तुम्ही प्रथेबद्दल काय सांगत होता?"

मी अनिमेषकडे पाहिलं. आईंकडे पाहिलं. कडेवरच्या अन्वीकडे पाहिलं. ती चष्म्याची दांडी चघळत होती.

"काही नाही," मी म्हणाले. "फार जुनी आहे, एवढंच."

आता अन्वी रोज तिकडे जाते. सकाळी मला हात करायचाही तिला कंटाळा. आई पुण्याला परत गेल्या. परवा व्हिडिओ कॉलवर सांगत होत्या की भिशीच्या बायकांनी केक आणला होता, तो त्यांनी सगळ्यांकडून हातांनी कुस्करून घेतला. "मी म्हटलं, जर्मनीत असंच करतात!"

आणि इकडे फ्राऊ रोटरमेलकडे दर शुक्रवारी सगळी मुलं मिळून गरम केक कुस्करतात. भारतीय प्रथा म्हणून! मुलं घरीही ती पाळायला लागल्यामुळे पालकांना उत्सुकता आहे म्हणे. तेव्हा येत्या शनिवारच्या पालकसभेत मी या प्रथेचा उगम आणि इतिहास सांगणार आहे. मी "हो" म्हणून बसले. त्यात काय, एकदा विषय नीट हातात घेतला की तो माझाच असतो!

आज सुट्टीच्या दुपारी अन्वी झोपली तेवढ्यात तोच इतिहास लिहायला बसले होते. आता ती चुळबुळ करतेय, आणि लिहून झालंय ते हे एवढंच.